कुरुळीला किती घरं लागतात?

“मराठी काढून टाका, स्क्रीन आपोआप नीट होईल.”

हे वाक्य मी इतक्या मिटिंगांमध्ये ऐकलंय की ते कोण बोलणार हे आता आधीच चेहऱ्यावर दिसतं. बोलणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. मराठी माध्यमात शिकलेला, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं स्टेटस न चुकता ठेवणारा, ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटणारा. सर्व्हरवर मराठी अक्षरं वाकडी दिसली की मात्र त्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे ती अक्षरं पुसून टाकणं. या सल्ल्याशी मला भांडायचं आहे. भांडण बाइट मोजून करणार आहे, त्यामुळे मधे थोडं तांत्रिक होईल. पण हातातल्या फोनवर मराठी वाचणाऱ्या कुणालाही कळेल, कारण सगळा तमाशा अक्षर म्हणजे काय आणि ते किती जागा घेतं एवढ्यावरच आहे.

आधी टर्मिनल म्हणजे काय ते सांगतो. सिनेमातला हॅकर ज्या काळ्या खिडकीत हिरव्या ओळी पळवतो ती खिडकी. १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने व्हीटी१०० नावाचं यंत्र काढलं: एक पडदा, एक कीबोर्ड, पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरं. एका घरात एक अक्षर. दूरच्या कॉम्प्युटरने बाइट पाठवायचे, यंत्राने ते घरांत भरायचे. यंत्र केव्हाच म्युझियममध्ये गेलं, पण आजचं प्रत्येक टर्मिनल ॲप त्याचीच नक्कल करतं. एसएसएचने आपण दूरच्या सर्व्हरवर लॉग-इन करतो तेव्हा मधून फक्त बाइटांची रांग वाहते. ती वाचून घरं भरण्याचं काम अजून तसंच चालू आहे.

“पण ही खिडकी बघतं कोण? इंजिनिअर. त्यांना इंग्रजी येतंच.” हा या वादातला सगळ्यात आवडता मुद्दा. ज्यांना तो पटतो त्यांनी एकदा कुरुळीला यावं. पुणे-नाशिक हायवेवर मोशी मागे टाकून चाकणकडे निघालात की कुरुळी लागते. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पाट्या वाचायला भरपूर वेळ मिळतो. खेड तालुक्यातलं गाव, पण आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेडच जास्त. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवायची, नाहीतर साठवायची जागा. यातल्या एका गोडाऊनच्या सॉफ्टवेअरची देखभाल माझ्याकडे आहे. तिथली मुलं हातात पिस्तुलासारखा स्कॅनर घेऊन फिरतात. त्याला सगळे ‘गन’ म्हणतात. रॅकवरचा बारकोड मारायचा, गनच्या छोट्या पडद्यावर पुढचा हुकूम वाचायचा, माल काढायचा. त्या पडद्यावर जे चालतं ते टर्मिनलच आहे. गनमधलं ॲप १९८३च्या व्हीटी२२० यंत्राची नक्कल करतं आणि एसएसएचवरून सर्व्हरशी बोलतं. गोडाऊनच्या धंद्यात ही पद्धत सर्रास आहे. स्वस्त आहे, कमी नेटवर्कवर टिकते, बंद पडत नाही.

म्हणजे परभणीहून आलेला, बारावी झालेला मुलगा रोज आठ तास टर्मिनल वाचतो. माझ्यापेक्षा जास्त.

त्याला दिसणारे मेसेज इंग्रजीत होते. माल कमी असेल तर ‘शॉर्ट पिक’. बिन दुसऱ्या कुणी धरून ठेवलं असेल तर ‘बिन लॉक्ड बाय अनदर यूजर’. एकाला मी विचारलं, हे तू वाचतोस कसं? तो म्हणाला, “दादा, वाचत नाही, नुसतं बघतो. छोटा मेसेज आला की माल कमी, लांब आला की थांबायचं.” ही युक्ती त्याने शोधली आणि सगळ्या शिफ्टने उचलली. मग एका अपडेटमध्ये सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने ‘शॉर्ट पिक’ऐवजी ‘क्वांटिटी शॉर्ट, कन्फर्म ऑर स्किप’ असा सविस्तर मेसेज टाकला. त्या रात्री मुलं रिकाम्या बिनसमोर उभी राहून बिन मोकळं होण्याची वाट बघत होती आणि बाहेर गाडी भरायची थांबली होती. सकाळी ठपका मुलांवर आला. ‘लक्ष नाही कामात.’

तेव्हा ठरलं की मेसेज आणि माणसांची नावं मराठीत दाखवू. चाचणी घेतली आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर भूत दिसलं. शिंदे नावाच्या मुलाच्या ओळीत आधी १२ नग होते. त्याने ४ काढले, राहिले ८. पडदा म्हणाला ८२.

चाचणीतच दिसलं म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पण मिटिंग झाली आणि वर लिहिलेलं वाक्य तिथेच पुन्हा ऐकू आलं. मराठी काढून टाका. पाच मिनिटांत निर्णय. ८२ आलं कुठून, हे एकानेही विचारलं नाही.

ते कुठून आलं हे बघायला गावाचंच नाव घेऊ. कुरुळी. तुम्हाला किती अक्षरं दिसतात? कु, रु, ळी. तीन. युनिकोडला विचारा, तो म्हणेल सहा: क, उकार, र, उकार, ळ, वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून डिस्कवर आणि एसएसएचच्या तारेवर कुरुळी १८ बाइटांची. आता टर्मिनलचा प्रश्न चौथाच आहे: हिला घरं किती द्यायची? त्यासाठी बरेच प्रोग्रॅम एक तक्ता वापरतात. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी लिहिलेला छोटासा कोड त्यात फार पसरला. विंडोजवाल्यांच्या लाडक्या पुट्टीमध्येही तोच आहे. त्याच्या हिशोबात अक्षराच्या खाली-वर बसणारी चिन्हं शून्य घरांची. उकार खाली बसतो, म्हणून शून्य. पण काना आणि वेलांट्या बाजूला उभ्या राहतात, युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग वेगळा आहे, म्हणून त्यांना एक घर. झाली कुरुळी चार घरांची. दुसऱ्या काही लायब्ऱ्या म्हणतात, वेलांटी व्यंजनाशी जोडलेलीच असते, तिला वेगळं घर कशाला? त्यांच्या मते कुरुळी तीन घरांची.

एकच शब्द. १८, ६, ४, ३. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. बिघाड तेव्हा होतो जेव्हा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एक आकडा धरतो आणि तुमच्या हातातलं टर्मिनल दुसरा.

शिंद्यांच्या बाबतीत हेच झालं. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने ‘शिंदे’ला दोन घरं धरली, गनमधल्या ॲपने तीन. नावासाठी वीस घरं राखलेली होती, म्हणून प्रोग्रॅमने पुढे १८ मोकळ्या जागा आणि मग १२ पाठवले. त्याच्या समजुतीप्रमाणे १२ हा आकडा २१ आणि २२ नंबरच्या घरात बसला; गनवर मात्र तो एक घर सरकून २२ आणि २३मध्ये बसला. नंतर आकडा बदलला. प्रोग्रॅम काटकसरी असतो, सगळी ओळ पुन्हा लिहीत नाही. तो थेट २१व्या घरात गेला आणि एक मोकळी जागा आणि ८ लिहून आला. ८ पडला २२मध्ये, जुन्या १च्या जागी. २३मधला जुना २ पुसायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ८ आणि २.

यात मराठीचा दोष कुठे आहे? दोन प्रोग्रॅमचा हिशोब जुळत नाही आणि शिक्षा तिसऱ्याला. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात झाडच तोडून टाकावं तसं.

टर्मिनल बिघडलं की ते का बिघडलं हे शोधायची एक शिस्त असते, आणि इंग्रजीच्या बाबतीत आपण ती पाळतो. चुकून एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली आणि सगळी अक्षरं चौकटीच्या रेघांसारखी दिसायला लागली, तर कुणी म्हणत नाही की इंग्रजी बंद करा. आपल्याला माहीत असतं की एका नियंत्रण-बाइटने टर्मिनलला रेघांच्या संचात ढकललंय. ‘रीसेट’ टाइप करतो आणि पुढे जातो. खिडकी लहान-मोठी केल्यावर ओळी एकमेकींवर चढल्या तर दोन्ही बाजूंना रुंदी सारखी कळलीये का ते बघतो. ‘टर्मिनलचा प्रकार ओळखता येत नाही’ असं सर्व्हर म्हणाला तर ‘टर्म’ या व्हेरिएबलचं मूल्य तपासतो. मराठी आली की ही सगळी शिस्त खुंटीला टांगली जाते आणि ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असं गुळमुळीत बोलून विषय संपतो. दहातल्या नऊ वेळा फॉन्टचा प्रॉब्लेम नसतो. (दहाव्या वेळी असतो, ते सोडा.)

मी शोधतो तो असा. सगळ्यात आधी पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाइट बघायचे. सर्व्हरवर ‘एक्सएक्सडी’ किंवा ‘ओडी’ने फाइल उघडली आणि क-च्या जागी ई०, ए४, ९५ हे तीन बाइट दिसले, तर माहिती शाबूत आहे, खेळ दाखवण्याचा आहे. इथेच निम्मी भीती जाते. गिटमध्ये मराठी नावाची फाइल टाकली की यादीत तिच्या नावाऐवजी ३४०, २४४, २२५ अशा तिरप्या रेघांच्या आकड्यांची माळ दिसते आणि पोरं घाबरून फाइलचं नाव रोमनमध्ये बदलतात. ते आकडे म्हणजे तोच क, आठाच्या पायावर लिहिलेला. गिट मूळच्या सेटिंगप्रमाणे इंग्रजीबाहेरची नावं अशी अवतरणात टाकतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा, नाव सरळ दिसतं. एका ओळीचं काम.

मग ‘लोकेल’ ही कमांड. सर्व्हरवर ती टाकली आणि उत्तरात ‘सी’ किंवा ‘पोसिक्स’ आलं, तर त्या सर्व्हरच्या लेखी जगात इंग्रजी सोडून अक्षरच नाही. तो मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं देणार. तुमच्या लॅपटॉपवर लोकेल व्यवस्थित असेल, पण एसएसएचने ते पलीकडे पाठवायला हवं, पलीकडच्याने स्वीकारायला हवं आणि तिथे ते बसवलेलं असायला हवं. तीन ‘हवं’ आहेत, कुठलंही एक चुकतं. कंटेनरमध्ये तर बहुतेक वेळा लोकेल नसतंच, कारण इमेज लहान ठेवायची असते. कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ‘सी डॉट यूटीएफ-८’ नावाचं लोकेल डेबियनसारख्या लिनक्समध्ये कित्येक वर्षांपासून आहे आणि २०२२पासून ते मूळ जीलिबसीमध्येही आलं. वेगळं काही बसवावं लागत नाही. फक्त नाव लिहावं लागतं.

मधे टीमक्स असेल तर त्याचाही हिशोब घ्यायचा. समोरचं टर्मिनल यूटीएफ-८ समजतं हे टीमक्सला कळलं नाही तर तो मराठी अक्षरांच्या जागी गुपचूप अधोरेषा छापतो. चालू करताना ‘-यू’ दिलं की सुटतं. याउलट मॉशचा स्वभाव मला आवडतो. डळमळत्या नेटवर्कसाठी एमआयटीमधल्या लोकांनी २०१२ला काढलेलं हे एसएसएचचं भावंड. यूटीएफ-८ लोकेल नसेल तर ते सुरूच होत नाही, सरळ तक्रार करून थांबतं. गुपचूप चुकीचं दाखवण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा बरा.

एवढं करूनही पडदा हलत असेल तर उरतो तो रुंदीचा तंटा. त्याची परीक्षा सोपी आहे. टर्मिनलमध्ये ‘कुरुळी’ लिहा, पुढे एक उभी रेघ मारा आणि बाणाच्या कळीने मागे या. कर्सर अक्षराच्या पोटात थांबला, किंवा खोडल्यावर एखादी वेलांटी मागे लोंबत राहिली, तर दोघांचा आकडा जुळत नाहीये. नंतर ‘शिंदे’ लिहा. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते श-नंतर आणि दिसायला हवी श-च्या आधी. घरं क्रमाने भरणारं भाबडं टर्मिनल ती नंतरच काढतं, वर तिच्याशेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. तसं दिसलं तर टर्मिनलला अक्षर जुळवता येत नाही, आणि सर्व्हरवर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

याच गनवर मी ब्राउझर उघडून ‘कुरुळी’ आणि ‘शिंदे’ लिहून बघितलं होतं. सुरेख दिसलं, शिरोरेखेसकट. कारण गन अँड्रॉइडवर चालते आणि अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही तीच. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय तर बहुधा तिच्याच कृपेने. (नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर.) यंत्र तेच, पडदा तोच, फॉन्ट तोच. एका ॲपला जमतं, शेजारच्याला जमत नाही. तरी मिटिंगमध्ये ‘हार्डवेअरची मर्यादा’ हा शब्द आलाच.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो, कारण तो पूर्ण खोटा नाही. ते म्हणतात, देवनागरी मुळातच सारख्या मापाच्या घरांत बसणारी लिपी नाही. ‘र’ बारीक, ‘क्ष’ रुंद, ‘ट्ट’ खाली लोंबतो. तिला चौकटीत कोंबलं की ती कुरूपच दिसणार. कुरूप दिसेल, मान्य. पण बसत नाही हे मान्य नाही. तहसील कचेरीत आणि कोर्टाबाहेर झाडाखाली मराठी टाइपरायटर कित्येक दशकं खडखडत होते. टाइपरायटरलाही घरंच असतात, कळ दाबली की कॅरेज ठरलेलं अंतर सरकतं. मात्रा आणि उकारांच्या कळा अशा केल्या होत्या की त्या दाबल्यावर कॅरेज जागेवरून हलत नसे. शून्य रुंदीचं चिन्ह म्हणजे दुसरं काय? खरेदीखतं झाली, जामीन झाले, नोकरीचे हुकूम निघाले. कुणी म्हणालं नाही की मापात बसत नाही, म्हणून सातबारा रोमनमध्ये लिहा.

आणि टर्मिनलबद्दलच बोलायचं तर हे काम इथेच, पुण्यात होऊन गेलंय. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं तंत्रज्ञान पुढे १९८८ला स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. मोहन तांबे हे त्यामागचं महत्त्वाचं नाव. जिस्ट कार्ड पीसीमध्ये बसवलं की डॉसवरचे साधे अक्षरी प्रोग्रॅम भारतीय लिप्यांत चालत. जिस्टची टर्मिनलंही होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ला इस्की हे मानक काढलं, क्रमांक आयएस १३१९४. त्यात कुरुळी सहा बाइटांत मावते. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरच बेतलेला आहे. कुरुळीपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर, आमच्या पिढीतले बहुतेक जण जन्मायच्या आधी, टर्मिनलवर मराठी हा प्रश्न लोकांनी गंभीरपणे सोडवायला घेतला होता. माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये जिस्टचं नाव एकदाही निघालं नाही. व्हीटी१००वर मात्र दोन मार्कांचा प्रश्न होता.

मग मधे काय झालं? माझ्या मते उत्तर तंत्रात नाही, तक्रारीत आहे. जपानी आणि चिनी अक्षरं एका घरात मावत नव्हती. त्या लोकांनी ओरडून, कोड लिहून, पॅच पाठवून दोन घरांची सोय करून घेतली. आज ती प्रत्येक टर्मिनलमध्ये गृहीत असते. अरबीसाठी पुट्टीमध्ये अक्षर-जोडणीचा स्वतंत्र चौकोन आहे. देवनागरीसाठी तसा चौकोन नाही. हसऱ्या चेहऱ्याच्या इमोजीला दोन घरं बिनबोभाट मिळाली. भारतीय लिप्यांची दखल घेणारं एमएलटर्म नावाचं टर्मिनल आहे, तेही जपानमधून आलेलं. आपण काय केलं? आपण ‘केएएल-ई’ लिहिलं आणि तो काळे की काले हे वाचणाऱ्यावर सोडून दिलं.

ही सवय फोनपासूनची आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची आणि मराठी ७०. पैसे वाचवायला आपण मराठी रोमनमध्ये लिहायला शिकलो. एसएमएस गेला, सवय राहिली. मित्राला रोमनमध्ये मेसेज टाकण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही टाकतो. पण माणसाच्या हजेरीची आणि पगाराची नोंद म्हणजे गप्पा नव्हेत. आळंदी इथून शेजारीच. या पट्ट्यात ज्ञानेश्वर नावाचा माणूस प्रत्येक शिफ्टला सापडतो. देवनागरीत त्याचं नाव एकाच प्रकारे लिहितात. रोमनमध्ये ‘डीएन’ने सुरू होणारा, ‘जीवाय’ने सुरू होणारा आणि ‘जेएन’ने सुरू होणारा असे तीन ज्ञानेश्वर तयार होतात आणि मधल्या स्वरांचे घोळ वेगळेच. ठेकेदाराच्या यादीत एक, गेटच्या यादीत दुसरा, पीएफच्या खात्यात तिसरा. आमच्या गोडाऊनमध्ये एकाचा ओव्हरटाइम दोन नावांत विभागला गेला आणि तो मिळवायला त्याने तीन महिने खेटे घातले. त्याच्या आधार कार्डावर मराठीत नाव स्वच्छ छापलेलं होतं. ते नाव आमच्या सर्व्हरला चालत नव्हतं.

जगभरातली मोठी माणसं आपल्यासाठी हे नीट करत बसलीयेत, असंही नाही. जोडाक्षर हे एक अक्षर आहे, त्याच्या मधे तोडू नका, हा नियम युनिकोडच्या अक्षर-विभागणीत देवनागरीसाठी आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३मध्ये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. म्हणजे ‘ज्ञा’ हे एकच अक्षर आहे, ही पहिलीतल्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट मानकात लिहायला बत्तीस वर्षं गेली. टर्मिनलांची गत आणखी वाईट. घर-मोजणीवर एकमत नाही. काही नवी टर्मिनलं अख्खं अक्षर एकक धरतात, काही जुन्या तक्त्याला चिकटून आहेत. कोविद गोयल यांनी लिहिलेल्या किटी या टर्मिनलने २०२५मध्ये वेगळा मार्ग काढला: या मजकुराला किती घरं द्यायची ते प्रोग्रॅमनेच टर्मिनलला सांगावं. मला हा मार्ग पटतो, कारण तो तंटाच मिटवतो. पण गनमधल्या ॲपपर्यंत ते पोचायला किती वर्षं लागतील देव जाणे.

तोपर्यंत वाट बघत बसायची गरज नाही. ८२चं भूत मी एका दुपारीत घालवलं. ओळीत नगांचा आकडा आधी घेतला आणि नाव शेवटी टाकलं. नावाच्या पुढे काही नसेल तर ते तीन घरं घेवो नाहीतर तेरा, सरकणार काय? आणि ओळ बदलताना आधी शेवटपर्यंत पुसून मग नव्याने लिहायची; त्यासाठीचा संकेत व्हीटी१००पासून आहे. मोकळ्या जागा मोजणारा कोडही बदलला. सी भाषेतलं ‘प्रिंटएफ’ बाइट मोजतं: वीसच्या रकान्यात कुरुळीचे १८ बाइट बसल्यावर ते पुढे दोनच जागा सोडतं, आणि चाकणचे १२ म्हणून आठ. पायथन कुरुळीला सहा मोजतं. दोघांवरही विसंबायचं नाही, रकाना गाठायला कर्सर थेट त्या घरावर न्यायचा. ऱ्हस्व वेलांटी गनवर अजून चुकीच्या बाजूला पडते. तो दोष ॲपचा आहे, मला हात लावता येत नाही. तरीही ‘माल कमी आहे’ हे मुलं वाचतात, बघत नाहीत.

हे दाखवल्यावर मिळालेलं उत्तर: “छान आहे, पण स्टँडर्ड नाही.” जे स्टँडर्ड होतं त्याने एक रात्र गाडी अडवली होती, हे मी बोलून दाखवलं. सुपरवायझर काका तेवढे माझ्या बाजूने होते. ते म्हणाले, “साहेब, पोरं आता मला दर पाच मिनिटांनी हाक मारत नाहीत, एवढंच मला कळतं.” त्यांचं म्हणणं मिटिंगच्या नोंदीत आलं नाही. नोंद इंग्रजीत होती.

ॲप बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडे मी तक्रार टाकली आहे. त्यात भावनिक काही नाही: चार शब्द, त्यांचे बाइट, अपेक्षित चित्र आणि दिसणारं चित्र. कुरुळी, शिंदे, ज्ञानेश्वर, चाकण. पहिल्या उत्तरात त्यांनी विचारलं की हा प्रश्न आणखी किती ग्राहकांना येतो, कारण भारतातून त्यांच्याकडे अशी तक्रार याआधी आलेली नाही. या पट्ट्यात त्यांची गन वापरणारी किमान चार गोडाऊनं मला माहीत आहेत. तिथल्या इंजिनिअर मित्रांना मी तोच मजकूर पाठवलाय, फक्त नावं आपापल्या यादीतली घाला म्हणून. दोघांनी तक्रार टाकली. तिसऱ्याने विचारलं, रोमनमध्ये का करत नाहीस सरळ? चौथा रजेवर आहे, सोमवारी येईल.